मूळ रंग, किरकोळ ओरखडे

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. कुणाला पटवत बसायला मला वेळ नाही, उद्या सकाळी सातची ड्युटी आहे. पण जे लिहिते आहे ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे आणि अजून संपलेलं नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. बारा वाजले, दिवे गेले, कुत्री रडली, असलं काही यात नाही.

मंगळवार. दुपारी सव्वातीन. माझ्या ताईचं घर, दुसरा मजला, आतली खोली. बाहेर लख्ख ऊन.

मी नर्स आहे. सत्तावीस वर्षं झाली. माणसं जाताना बघायची मला सवय आहे. गेलेली माणसं परत कामाला लागतात, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझी तापाची आजारपणं, सगळं तिनेच काढलं. मी लग्न केलं नाही. मला माझं म्हणून एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे ताई. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं त्यावर हसू नका.

तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, बसच्या डेपोत मेकॅनिक होते. सकाळी सहा ते दोन खऱ्या बसला हातोड्याने ठोकायचे, आणि घरी येऊन खेळण्यातल्या बसला हातमोजे घालून हात लावायचे. त्यांना मुलंबाळं नव्हती. आतली खोली मात्र गाड्यांनी भरलेली. बोटाएवढ्या मोटारी, बस, ट्रक, आगीचे बंब. चार भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर गाड्या, प्रत्येकीमागे तिचं मूळ खोकं.

कारखान्यातून गाडी ज्या खोक्यात आली, ते मूळ खोकं. भाऊजी म्हणायचे, गाडी एकवेळ दुसरी मिळेल, खोकं गेलं की गेलं.

त्यांचे नियम मला पाठ आहेत. ऐकून ऐकून झालेत.

रिकाम्या खोक्यात पातळ पांढरा कागद भरायचा, म्हणजे ते बसत नाही. रबरबँड लावायचा नाही, तो वितळून चिकटतो. चिकटपट्टी नाही. ऊन नाही, रंग उडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधायचं नाही, आत घाम धरतो. प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या पुड्या. नव्या बुटांच्या खोक्यात सापडतात ना, त्यातलाच प्रकार. भाऊजींच्या पुड्यांत निळे मणी असायचे. दमटपणा पिऊन ते गुलाबी झाले की ताईच्या कढईत मंद आचेवर परतून ते पुन्हा निळे करायचे. ती कढई मग स्वयंपाकाला परत मिळाली नाही. ताईने नवी आणली.

आणि गाडीचं वजन चाकांवर राहू द्यायचं नाही. वर्षानुवर्षं उभी राहिली की रबरी चाकं खालून चपटी होतात. म्हणून प्रत्येक गाडीच्या पोटाखाली लाकडाचा छोटा ठोकळा, चाकं अधांतरी. महिन्यातून एकदा प्रत्येक गाडी थोडी वळवून ठेवायची, एकाच बाजूला उजेड लागू नये म्हणून.

प्रत्येक गाडीला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. भाऊजींचं अक्षर बारीक आणि उभं. साल, रंग, खोकं आहे की नाही, ओरखडा कुठे आहे. चिठ्ठीच्या शेवटी नेहमी एकच वाक्य.

पुन्हा रंगवू नये.

रोज सव्वातीनला ते हात धुवायचे. ग्रीस निघायला तीन मिनिटं लागत. मग हातमोजे, मग स्टूल ओढल्याचा आवाज, मग दार बंद. निवृत्त झाल्यावर हाताला ग्रीस राहिलं नाही, तरी तीन मिनिटं तीन मिनिटंच राहिली. ताई चहा घेऊन जायची आणि दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवायची. तिला आत यायला बंदी नव्हती. पण चहाला वाफ असते, आणि वाफ म्हणजे दमटपणा.

पस्तीस वर्षं ताईने चहा बाहेर ठेवला.

आता माझी चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी आजारी पडले, ते माझ्याच वॉर्डात. शेवटच्या आदल्या दिवशी मी दुसरी ड्युटी करत होते. सोळा तास पायांवर. सलाईन बदलायला गेले तर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, ताईबद्दल काही सांगायचं असेल.

"ठमे, खोलीतल्या यंत्राचा काटा बघितलास का गं? दमटपणा पंचावन्नच्या वर नको जायला."

ठमी म्हणजे मी. लहानपणी गोल होते.

माझं डोकंच फिरलं. ताई तीन दिवस बाहेर बाकावर बसून झोपत होती. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते.

मी म्हटलं, "भाऊजी, त्या खोक्यांना जपलंत त्याच्या निम्म्याने जरी ताईला जपलं असतंत ना, तर तिचे हे हाल झाले नसते."

आजारी माणसाला असं बोलू नये. मी इतर नर्सना हेच शिकवते.

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहिलंच ते." आणि थोड्या वेळाने, अगदी खरंखुरं विचारावं तसं, "कसं जपायचं?"

"गाड्यांना जपता तसं. दुसरं येतंय काय तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. "जमेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी गेले. वेळ मीच कागदावर लिहिली. तीन वाजून पंधरा मिनिटं.

मी ताईला माझ्याकडे आणलं. माझं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, समोर टायरचं दुकान, दिवसभर ठणठणाट. ताईच्या घराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

पंधराव्या दिवशी शिंपीकाकांचा फोन आला. ते ताईच्या बरोबर खाली राहतात, घरातच शिवणकाम करतात.

"ताई परत आल्या का?"

"नाही हो. माझ्याकडेच आहे. का?"

"नाही... मग वर नळ कोण सोडतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोज सव्वातीनला. चांगला तीन मिनिटं वाहतो. मग स्टूल ओढल्यासारखं वाजतं. मी मशीन बंद करून ऐकलं, म्हटलं आपलेच कान वाजत असतील. पण नाही."

त्या संध्याकाळी मी आणि ताई गेलो. कुलूप जसंच्या तसं. आत सगळीकडे पंधरा दिवसांची धूळ. टेबलावर बोटाने नाव लिहिता आलं असतं.

मोरीतला साबण...

ओला होता.

मी ताईला दाखवला नाही. नळ गळत असेल, असं म्हणून टाकलं. मग आम्ही आतल्या खोलीचं दार उघडलं.

तिथे धूळ नव्हती. एका फळीवर नाही, एका खोक्यावर नाही. यंत्राचा काटा पन्नासवर. आणि खोलीच्या मधोमध...

ती खुर्ची. चहाची. पस्तीस वर्षं दाराबाहेर असलेली.

कुणीतरी ती आत घेतली होती.

ताई हळूच पुढे गेली. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. ती घाबरली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि घरी राहायला गेली. मी पुष्कळ सांगितलं. पण ताई एकदा ठरवते म्हणजे ठरवते, आमच्यात हट्ट तिच्या वाट्याला आला आणि कटकट माझ्या.

माझी सुट्टी मंगळवारी. दर मंगळवारी मी जायला लागले. पहिले दोन महिने काही दिसलं नाही, म्हणजे दिसलं, पण मी त्याला नाव दिलं नाही. ताईच्या गाऊनच्या खिशात सिलिका जेलची पुडी. उशीखाली दोन. पर्समध्ये एक. सगळ्यांतले मणी निळेशार.

"ताई, या तू परतल्यास?"

"मी कशाला परतू बाई?"

मी स्वयंपाकघरात जाऊन त्या जुन्या कढईला हात लावला.

कोमट होती.

मी स्वतःला समजावलं. नवरा गेल्यावर बायका काय काय करतात ते मी वॉर्डात बघितलं आहे. नकळत करतात आणि विसरतात. शिवाय ताईची तब्येत सुधारत होती. खोकला थांबला. पायांची सूज पूर्ण उतरली. मी खूश झाले. एवढी अनुभवी नर्स, आणि कारण न शोधता खूश झाले. खरं सांगायचं तर एक काळजी कमी झाली, एवढंच मला हवं होतं.

आता तो मंगळवार.

मी तीन वाजून पाच मिनिटांनी पोचले. बेल वाजवली, उत्तर नाही. माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने दार उघडलं. चपला नीट लावलेल्या. स्वयंपाकघर आवरलेलं. सगळं घर गप्प.

आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. ताई खुर्चीत झोपली होती.

पाय समोर एका लाकडी पेटीवर. पोटऱ्यांखाली टॉवेलची घडी. टाचा अधांतरी, कशालाच टेकलेल्या नाहीत. आम्ही पडून असलेल्या पेशंटच्या टाचा अशाच उचलून ठेवतो, जखम होऊ नये म्हणून. मला पहिल्यांदा वाटलं, हे हिला कुणी शिकवलं?

मग तिचे हात बघितले. प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये... पातळ पांढऱ्या कागदाची घडी.

मी हाक मारणार, इतक्यात मोरीत नळ सुरू झाला.

मला वाटलं, ताई हात धुते आहे.

ताई माझ्यासमोर होती.

मी हलले नाही. पाण्याचा आवाज येत होता. मध्येच तो जाड व्हायचा, मध्येच बारीक, पाण्याखाली हात फिरतात तेव्हा होतो तसा. मी घड्याळाकडे बघितलं. नाडी मोजायची सवय, दुसरं काय. एक मिनिट. दोन. तीन.

नळ बंद झाला.

पावलं वाजली नाहीत. दारात कुणी आलं नाही. फक्त माझ्या डाव्या बाजूने, अंगाला न लागता, साबणाचा वास पुढे गेला...

मग स्टूल ओढल्याचा आवाज आला.

स्टूल माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते हललं नाही.

मला पळता आलं असतं, दार मागेच होतं. पण आदल्या रात्रीच्या ड्युटीत मी तीन पेशंट उचलले होते आणि माझे पाय नुसते जड झाले होते. भीतीने की थकव्याने, आजही सांगता येत नाही.

ताईच्या कपाळावरचे केस हलले. वारा नव्हता. ते एका बाजूने हळूहळू हलत गेले, भाऊजी गाड्यांवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडायचे तसे. मग भुवई. मग गालाची बाजू. सावकाश. घाई नाही.

आणि मग... ताईची मान वळली.

झोपेत माणूस मान वळवतो तशी नाही. झोपेतलं माणूस धसकन वळतं, श्वास बदलतो, ओठ हलतात. यातलं काही झालं नाही. तिचं डोकं इंचाइंचाने उजवीकडून डावीकडे गेलं आणि जागेवर थांबलं. दुसरा गाल उजेडाकडे आला.

महिन्यातून एकदा. थोडी वळवून.

तेव्हा मला तिच्या मनगटाची चिठ्ठी दिसली. पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. आम्ही वॉर्डात पेशंटच्या मनगटाला नावाची पट्टी बांधतो तिथेच. मी वाकून वाचली. अक्षर बारीक आणि उभं.

"मूळ रंग. किरकोळ ओरखडे. खोकं नाही. पुन्हा रंगवू नये."

मी ताईला गदागदा हलवलं. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. सुट्टीच्या दिवशी लवकर उठवल्यावर बघतात तसं.

"ठमे, काय गं हे. आत्ताच तर डोळा लागला होता."

"ताई, उठ. आधी इथून बाहेर चल."

"हात धुतलेस का तू?"

मी तिला ओढत जिन्यापर्यंत आणली. शिंपीकाका खाली दारात उभे होते, गळ्यात टेप. त्यांनी वर बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता रिक्षा थांबवली.

रिक्षात ताईने मनगट उलटं करून चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली.

"किरकोळ ओरखडे म्हणे," ती म्हणाली, आणि हसली. लग्नाच्या वेळी हसायची तशी. मी ते हसू विसरले होते.

तीन आठवडे ताई माझ्याकडे होती.

मी तिला वाचवून आणलं होतं, अशी माझी समजूत. पहिल्या आठवड्यात तिच्या पायांना पुन्हा सूज आली. दुसऱ्या आठवड्यात खोकला. रोज संध्याकाळी मी यायची तेव्हा ती खिडकीत बसलेली असायची, खाली टायर ठोकताहेत, आणि तिच्या चेहऱ्यावर दिवसभराची धूळ. तीन आठवड्यांत ती तीन वर्षांनी म्हातारी झाली. मी औषधं आणली, पाय चेपले, कधी चेपता चेपता तिथेच झोपून गेले.

एकदा तिने मलाच अंथरुणावर नीट झोपवलं. सकाळी म्हणाली, "ठमे, एक बोलू? रागावू नकोस."

"बोल."

"मी पस्तीस वर्षं त्या दाराबाहेर उभी राहिले. मला त्या गाड्यांचा हेवा वाटायचा. हसू नकोस, खरंच वाटायचा. एवढ्याशा पत्र्याच्या गाडीला माणूस हातमोजे घालून उचलतो, आणि मला विचारत नाही की जेवलीस का. आता ह्यांनी मला आत घेतलंय. आणि तू मला बाहेर काढतेस."

"ताई, ते गेलेत."

"माहीत आहे मला. तीन दिवस मीच बसले होते ना त्या बाकावर?"

"मग?"

"मग काय. गेल्यावर का होईना, जमलं त्यांना."

मी तिला सांगितलं. वॉर्डात मी त्यांना काय बोलले होते ते, शब्दन् शब्द. मला वाटलं, ती घाबरेल, निदान चिडेल तरी. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"तू सांगितलंस होय. मला वाटलं, त्यांनाच सुचलं."

तिचा आवाज इतका पडला की मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आजही वाटतं.

त्या शुक्रवारी वॉर्डात दोन नर्स आल्याच नाहीत. मी सकाळची ड्युटी केली, दुपारची केली, आणि रात्रीही निम्मी केली. पहाटे थोडी खुर्चीत बसले, सकाळची पुन्हा केली. शनिवारी दुपारी घरी आले तर दार बाहेरून ओढून घेतलेलं. ओट्यावर माझं जेवण झाकून ठेवलेलं. ताई नव्हती.

चिठ्ठी शोधावी लागली नाही, मला ठाऊकच होतं. मी कपडेही बदलले नाहीत, तशीच गेले.

ती खुर्चीत बसली होती. पाय पेटीवर, टाचा अधांतरी. पडदे ओढलेले. फळ्यांवरच्या गाड्या एका रांगेत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. सूज अर्ध्या दिवसात उतरली होती. चेहरा असा शांत की मला हेवा वाटला. हो, मलाच.

"ताई, चल," मी म्हटलं.

"दार लाव, धूळ येते," ती म्हणाली.

मी तिला ओढू शकले असते. ती हलकी आहे, आणि माणसं उचलणं हा माझा धंदाच आहे. ओढायचं, रिक्षात घालायचं, तीन जिने चढवायचे, पुन्हा औषधं, पुन्हा सूज, पुन्हा ती खिडकी. हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसलं. किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे.

मग मी दार लावलं.

आतून नाही. बाहेरून लावलं आणि घरी येऊन झोपले. अठरा तास झोपले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी हार, आणि त्या दिवशी मला झोप लागली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं.

ताई ठणठणीत आहे. सकाळी उठते, स्वयंपाक करते, खाली जाऊन भाजी आणते, फोनवर माझी चौकशी करते. दुपारी सव्वातीन ते सव्वापाच तेवढी खोलीत. नाडी मी दर मंगळवारी बघते, जरा मंद आहे, पण नियमित. हात थंड आणि कोरडे. नखं कापायला नेलकटर द्यायला गेले तर म्हणाली, लागत नाही गं हल्ली.

शिंपीकाकांनी मध्यंतरी मला बाजूला बोलावलं. ताईचं माप त्यांच्या वहीत आहे. "दीड वर्षात तीन गाऊन शिवले," ते म्हणाले, "एक सूत इकडचं तिकडे नाही. या वयात माणूस सुटतं नाहीतर आटतं. मी चाळीस वर्षं मापं घेतोय." मग सुईत दोरा ओवत बसले. वर नळ वाहतो तेव्हा ते आता मशीन बंद करत नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरची नवी मुलगी मला म्हणाली, "मावशी, तुमच्या धाकट्या बहिणीला बसायला खुर्ची देऊ का?"

ताईने मला चिमटा काढला. मी हसले. घरी येऊन आरशात बघितलं, तर त्या मुलीची काही चूक नव्हती.

इथवर मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे ते गेल्या मंगळवारमुळे.

त्या दिवशी मी थेट ड्युटीवरून गेले होते. सुट्टीच्या दिवशीही बोलावतात हल्ली. माझे पांढरे बूट दाराशी काढले, ताईजवळ बसले, चहा झाला. सव्वातीनला ती आत गेली. मी बाहेर पेपर वाचत बसले. नळ वाहिला, बंद झाला. स्टूल वाजलं. मी आता तिकडे लक्ष देत नाही.

पण त्या दिवशी खोलीचं दार लागल्याचा आवाज आला नाही.

बराच वेळ आला नाही.

मग बाहेर, उंबऱ्याजवळ... कागद चुरगळल्यासारखं काहीतरी वाजलं. अगदी हलकं.

निघायच्या वेळी मी बूट घालायला वाकले. दोन्ही बूट भिंतीशी नीट लावलेले. आत पातळ पांढरा कागद भरलेला, टोकापर्यंत. आणि डाव्या बुटाच्या नाडीला दोरा. दोऱ्याला चिठ्ठी.

"टाचा झिजल्या आहेत. वजन उतरवावे."

मी ती फाडून टाकायला हवी होती. ती माझ्या पर्समध्ये आहे. दिवसातून दोन-तीनदा काढून बघते. सत्तावीस वर्षांत माझ्या पायांबद्दल कुणी एक अक्षर बोललेलं नाही, ना डॉक्टर, ना मेट्रन, ना ज्यांना मी उचलून उचलून बसवलं ते पेशंट. मला राग यायला हवा, भीती वाटायला हवी. मला रडू आलं.

मला काय करायचं ते सांगू नका, मला कळतं. मी ठरवलं आहे की येत्या मंगळवारी जायचं नाही. आज दुपारी वॉर्डातूनच ताईला फोन करून तसं सांगितलं. काम आहे म्हटलं.

ती "बरं," म्हणाली.

मी फोन ठेवणार होते. पलीकडे तिने कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशी ती थांबली... आणि मग पुन्हा बोलली.

"ठमे, हे विचारताहेत, आज किती तास उभी आहेस?"

मी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. काही न बोलता फोन बंद करता आला असता.

"साडेआठ," मी म्हटलं. "आणि अजून सहा आहेत, भाऊजी."